पायाला लावलेलं गव्हाचं औषध

वसंतातले पहिले सोमसे, म्हणजे हिरव्या पाल्याचे भाजलेले समोसे, तंदूरमधून निघाले की थेट सनोबर ओपाच्या, म्हणजे सनोबरताईच्या, दवाखान्यात जायचे. कश्कादर्या नदीकाठच्या त्या गावात तीस वर्षं असंच चालत आलं होतं. गावातली निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली, तिला पहिला घास द्यायचा नाही तर कुणाला? यंदाही सोमसे आले, पण गार, आणि आधी समोरच्या दुकानात वाटले जाऊन उरलेले.

समोरचं पिकांच्या औषधांचं दुकान इरोदाचं. जिल्ह्याहून आलेली, वय सव्वीस, शेतकीची पदवी, पायात पांढरे बूट. ते चिखलातही पांढरेच राहायचे, आणि ओपाला त्याचाही राग होता.

झालं होतं असं, की एप्रिलमध्ये पाऊस हटेना आणि गव्हावर पिवळा तांबेरा चढला. शेतात एक फेरी मारली की विजार गुडघ्यापर्यंत हळदीची व्हायची. इरोदानं टेब्युकोनाझोल नावाचं बुरशीनाशक फवारायला लावलं आणि आठ दिवसांत तांबेरा जागच्या जागी थांबला. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी इरोदा. ओपा खिडकीतून समोरची गर्दी मोजायची आणि स्वतःच्या रिकाम्या बाकाकडे बघायचं टाळायची. पोटात दुखत होतं, आणि त्यावर तिच्या कपाटात काही नव्हतं.

त्यात इरोदानं चायखान्यात सगळ्यांना जमवून त्या औषधाची माहिती सांगितली. ओपाही गेली, मागे बसली.

"याला ट्रायझोल म्हणतात. पाच अणूंचं एक कडं, त्यात तीन नायट्रोजनचे," इरोदा बोटं जुळवून दाखवत होती. "बुरशीला पेशीचं आवरण विणायला जे लागतं, ते हे बनूच देत नाही. आणि गंमत सांगू? आपल्या ओपा नायट्याला फ्लुकोनाझोलची कॅप्सूल देतात ना, तीसुद्धा याच कुळातली!"

"म्हणजे एकच की!" तुर्दी बोबो खूश होऊन ओरडले. म्हाताऱ्याच्या पायाला बुरशी झाली होती आणि ओपाचीच कॅप्सूल चालू होती, आठवड्याला एक.

"नाही बोबो. चुलतभाऊ म्हणा. एक शेताचं, एक माणसाचं. अदलाबदल करायची नाही."

पोरीनं नाव मानानंच घेतलं होतं. पण ओपा वीस वर्षं ती कॅप्सूल देत होती आणि आत कडं आहे की चौकट, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते आता कालची पोर अख्ख्या गावासमोर सांगत होती. ओपाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन दिवसांनी तुर्दी बोबो दवाखान्यात आले आणि जोडा काढून पाय पुढे केला.

"ओपा, चार आठवडे झाले, खाज काही जाईना. गहू बघा कसा आठ दिवसांत बरा झाला!"

"मग माझ्याकडे कशाला आलात?" ओपाचा तोल गेला. "जा, त्या पोरीचंच औषध लावा पायाला! तिचं सगळं झटपट असतं."

"लावू म्हणता?"

"लावा, लावा. चांगलं चोपडा!"

म्हातारा मान डोलावत गेला.

तिसऱ्या दिवशी मुलानं त्याला पाठीवरून आणलं. पाण्यात न मिसळलेलं औषध भेगाळलेल्या पायाला चोपडून वर दिवसभर फडकं बांधलेलं. पाऊल लालबुंद, फोडांनी भरलेलं. मुलगा इरोदाच्या नावानं शिव्या घालत होता. ओपानं पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. हे कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं.

संध्याकाळी मोहल्ल्याच्या ओक्सोकोलनं, म्हणजे गावच्या वडीलधाऱ्या पंचानं, सगळ्यांना चायखान्यात बोलावलं. पोरीला जिल्ह्याला परत पाठवायचं, दुकान बंद करायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"ओपा, पाय कशानं भाजला?" त्यानं विचारलं.

"गव्हाच्या औषधानं," ओपा म्हणाली आणि गप्प बसली. खोटं एक अक्षर नव्हतं. समोर इरोदा रडत होती, बूट चिखलानं माखले होते, आणि ओपाला बरं वाटत होतं. हो, चक्क बरं वाटत होतं.

"मी नको म्हणाले होते," इरोदा म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय."

कुणाला काही आठवत नव्हतं.

तेवढ्यात मुलाच्या खांद्याचा आधार घेत तुर्दी बोबो लंगडत आत आले.

"पोरीला का छळताय रे? ती नकोच म्हणाली होती. मी लावलं ते ओपा म्हणाल्या म्हणून."

सगळे ओपाकडे वळले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि तो घाबरून सावरायला लागला.

"म्हणजे मीच काहीतरी चुकीचं ऐकलं असणार. कान गेलेत माझे. तीस वर्षं ओपा म्हणतील तेच करत आलोय, कधी पस्तावलो नाही. ओपा असं कशाला सांगतील?"

लोकांनी माना हलवल्या. हो, बोबोंना कमी ऐकू येतं. ओक्सोकोलनंसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला. ओपाचा शब्द खोटा आहे असं त्या छपराखाली कुणाच्या मनातही आलं नाही. जो विश्वास गेला म्हणून ती महिनाभर जळत होती, तो कुठेही गेला नव्हता.

आता फक्त गप्प बसायचं होतं.

सनोबर ओपा उठून उभी राहिली.

"तुमचे कान ठीक आहेत, बोबो," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते, लावा म्हणून."