कोर्बिनियनसाठी मेणबत्ती

रेगेन्सबुर्गच्या धक्क्याला बोट लागली की रोस्विता तीस पाहुण्यांच्या कानांत ऐकायची यंत्रं अडकवायची आणि गळ्यातल्या माईकवर बोलत निघायची. आधी जुना दगडी पूल, मग कॅथेड्रल. एकवीस वर्षं हेच. एकतिसावं यंत्र आईचं. सत्त्याऐंशीची वालबुर्गा रोज कॅथेड्रलच्या बाकावर ते कानात घालून बसायची. गट आत शिरला की लेकीचा आवाज यायचा. इंग्रजीचा गंध नव्हता म्हातारीला, पण तिला तेवढं पुरे व्हायचं.

पुलाखाली डॅन्यूबला भोवरे आहेत. सैतानानं पूल बांधायला मदत केल्याची गोष्ट रोस्विता पाण्याकडे पाठ करून सांगायची. कारण तिथूनच कोर्बिनियन मागे लागायचा. इथेच बुडालेला सतरा वर्षांचा भाऊ, अंगावर ओला शर्ट, पाय अनवाणी. पाहुणे मोजावेत तर एकतीस भरायचे. पुन्हा मोजायची तिची छाती होत नसे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"जा की रे घरी," ती पुटपुटायची. तो कॅथेड्रलच्या दारापर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा.

त्या दिवशी तो थांबला नाही. दारातल्या सैतानाच्या आजीच्या दगडी मूर्तीला पाहुणे हसत होते, तेवढ्यात तो त्यांच्यामधून आत गेला. "दहा मिनिटं मोकळे फिरा," असं कसंबसं सांगून तिनं माईकचं बटण दाबलं. घाईत ते नीट दाबलं गेलं नाही.

आईनं रोजच्यासारखी त्याच्यासाठी लावलेली मेणबत्ती जळत होती. तो त्या मेणबत्तीपाशी उभा होता.

रोस्विताच्या तोंडून घरचीच बोली फुटली. "किती छळशील रे? हो, मीच तुला भित्रा म्हटलं! मीच म्हटलं, मार उडी, दाखव पोहून. तू हसत हसत मारलीस. आणि मी आईला सांगितलं, मी तिथे नव्हतेच. झालं समाधान?"

पाहुण्यांना वाटलं, बाई प्रार्थना म्हणतेय. दोघांनी माना झुकवल्या. बाकावरून मात्र काठीचा आवाज आला. रोस्विता वळली. आईच्या कानात यंत्र होतं. रोस्विताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हसत होता?" आईनं विचारलं.

"आई, अगं..."

"रोसी, हसत होता का तो?"

"हो."

म्हातारीनं कानातलं यंत्र काढलं. "त्या सकाळी मी त्याच्या थोबाडीत मारली होती. सांडलेल्या दुधासाठी. मला वाटलं, त्या रागात पोरानं जीव दिला. फादरना कधी बोलले नाही. त्याचं ते जीव देण्याचं पाप माफ व्हावं म्हणून चव्वेचाळीस वर्षं देवाचे पाय धरतेय मी इथे."

रोस्वितानं हात पुढे केला. आईनं तो धरला नाही.

"एकदा बोलली असतीस," ती म्हणाली, "तर मी त्याच्यासाठी नुसतं रडले असते गं."