तेलाची ऊब

तंजावुरात पंख्याखालीही घाम फुटतो, आणि माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक तिथं लॉरीत ऊब आणायच्या मागे लागला होता. दाट तेलानं भरलेला बंद डबा, आत एक चकती. इंजिनाच्या पट्ट्यानं चकती फिरली की तेल घुसळून तापायचं. ती ऊब ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सोडायची. बर्फाच्या घाटात जाणाऱ्या लॉरीवाल्यांसाठी, म्हणायचा. बर्फ त्यानं पाहिला नव्हता.

परदेशी गाड्यांचे कारखाने तेव्हा देशात येऊ लागले होते. त्यानं पुण्याच्या एका कारखान्याला पत्र लिहिलं. इंग्रजीत का नाही, असं मी विचारल्यावर चिडला. "तीं आपलींच माणसं, सार. आपल्या भाषेंत लिहितों."

चार पानं मराठी, पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेल्या आमच्या मराठी घरांतली जुनी मराठी, पण सगळी तमिळ अक्षरांत. देवनागरी त्याला येत नव्हती. पुण्यात ते कोण वाचणार? मला दोन्ही लिप्या येत होत्या. 'द्या, उतरवून देतो' एवढंच म्हणायचं होतं. चार पानांचा कंटाळा केला, आणि त्यानं हातात दिलेलं पाकीट तसंच टपालपेटीत टाकलं.

तीन वर्षं झाली. अजूनही गेलो की तो चकती फिरवतो आणि माझा हात धरून डब्यावर ठेवतो. "उत्तर येईल, सार. आपलीं माणसं विसरायचीं नाहींत."

भर वैशाखात डबा चटके देतो. मी हात काढून घेत नाही.