वरच्या वाडीतला संतोष

चहा घ्या आधी. माझ्या धंद्यातली फजिती ऐकायची म्हणता ना, मग ऐका. मधे हसू आलं तर खुशाल हसा. त्या दिवशी मीसुद्धा हसलोच होतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. कंपन्या स्वतःच आम्हाला बोलावतात आणि म्हणतात, आमच्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवा, म्हणजे भोक कुठे आहे ते कळेल. लोकांना वाटतं आम्ही अंधाऱ्या खोलीत बसून हिरवी अक्षरं बडवतो. कसलं काय. निम्म्या वेळा नुसता फोन करायचा, गोड बोलायचं, की आतला माणूसच कडी काढून देतो. आणि गोड बोलण्यात आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मी एक नंबर. निदान मला तरी तसं वाटायचं.

तर मालाडच्या एका औषधं पुरवणाऱ्या कंपनीचं काम आलं. मी हेरल्या अकाउंट्समधल्या सुलभा परब. रिटायरमेंटला आलेल्या बाई. फेसबुकवर सगळं उघडं. गावची जत्रा, देवळाचा कळस, फणसाचे गरे. गावाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही, पण फोटोंखाली लिहिणाऱ्यांत निम्मे गावडे होते. मी ठरवलं, आपण गाववाले व्हायचं. नाव घेतलं संतोष गावडे. संतोष कुठल्या वाडीत नसतो? इतकं साधं नाव घेतलं की कोणी चौकशी करत नाही, हा माझा हिशोब.

मी स्वतः बुलढाण्याकडचा, वाढलो घाटकोपरला. पण चाळीत शेजारी सगळे मालवणी. त्यांच्या शिव्या खाऊन खाऊन भाषा तोंडात बसलेली.

फोन लावला. "मॅडम, आयटीचं काम बघणाऱ्या कंपनीतून संतोष गावडे बोलतोय. सर्व्हर बदलतोय, तुमचं लॉगिन तपासायचं होतं."

"गावडे? खंयचे रे तुम्ही?"

याच प्रश्नाची तर मी वाट बघत होतो. मी गाव सांगितलं.

"कोणाच्या घरातलो तू?"

आता घर कुठून आणू? म्हटलं, "वरच्या वाडीतलो." वरची वाडी कुठल्या गावाला नसते?

"रमाकाकीचो संतोष तू?"

आमच्या धंद्यात एक शिकवण असते. समोरच्याने स्वतःहून काही पुढे केलं तर नाही म्हणायचं नाही, धरून चालायचं. मी म्हणालो, "होय."

बाई रडायला लागल्या. "खंय होतस रे इतकी वर्सां?"

"हंयच. मुंबईत."

"आवशीक एक फोन करूक काय झाला होता तुका?"

आता बघा, गोष्ट आईपर्यंत गेली, इथे मी काय करायला हवं होतं? फोन ठेवायला हवा होता. पण मी एक नंबर ना. मी आवाज बारीक केला आणि म्हणालो, "लाज वाटली, ताई."

पासवर्ड मला मागावाही लागला नाही. त्यांनी रडत रडत अक्षर न् अक्षर सांगितलं, वर "जेवतस ना वेळेवर?" असंही विचारलं. फोन ठेवल्यावर ऑफिसात टाळ्या. आमच्या मृणाल मॅडम म्हणाल्या, "झकास. हा कॉल तर रिपोर्टमध्ये पहिला टाकू." मी हसलो तो तेव्हा.

संध्याकाळी त्याच मोबाइलवर सुलभाताईंचा फोन. "काकीक सांगलंय मी. ती गाडीत बसली पण. सकाळी बोरिवलीक उतारतली, हायवेच्या पुलाकडे. तू यी."

विचारून विचारून कळलं ते असं. रमाकाकीचा संतोष खरोखरचा होता. बापाशी भांडून घरातून निघाला तो गेलाच. बाप वारला तरी आला नाही. म्हातारी तेव्हापासून वाडीत एकटी.

मी मृणाल मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट देईपर्यंत त्यांच्या स्टाफला काही सांगता येत नाही, तुला माहितीय. फोन उचलू नकोस."

"अहो पण ती म्हातारी गाडीत बसलीय."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "वाट लावलीस तू. जा, सांग खरं. क्लायंटचं मी बघते."

सुलभाताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, मी संतोष नाही. माझं नाव अमोल. तुमच्या कंपनीनेच आम्हाला तपासणी करायला सांगितलं होतं. तो सगळा बनाव होता."

"होय, होय."

"खरंच सांगतोय, ताई. मी घाटकोपरचा आहे."

"आणि आता मालवणी पण येना नाय तुका? परत पळतलस काय रे तू? तिका गाडीत बसवन पळतलस?"

दुपारी मी धडधडीत खोटं बोललो तर बाईंनी पासवर्ड दिला. आता शपथा घेऊन खरं सांगत होतो तर एक अक्षर पटत नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी नाय इलस तर मी तिका काय सांगू?" आणि फोन ठेवला. मग जाण्यावाचून काय उपाय होता?

सकाळी पुलाखाली सुलभाताई थर्मास घेऊन उभ्या होत्या. मी समोर जाऊन नाव सांगितलं, चेहरा बघितला आणि त्यांना कळलं. चेहराच उतरला. मला वाटलं थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्या थर्मास दुसऱ्या हातात घेऊन नुसत्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

गाडी आली. रमाकाकी उतरल्या. हातात पिशवी, पिशवीतून कोकमाच्या सोलांचा वास. मी मान खाली घालून उभा. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

"ह्यो नाय गो," सुलभाताईंना म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. पासवर्ड म्हणजे काय, तपासणी म्हणजे काय, मी का खोटं बोललो. कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांना मी हे समजावतो, पण त्या बाईसमोर माझी जीभ लटपटत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मगे लाज वाटली म्हणान कोणी सांगल्यान?"

"मीच. मनाचं सांगितलं."

"रातभर मी त्याच एका शब्दार इलंय रे," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. भर रस्त्यात, रिक्षावाल्यांसमोर. सुलभाताईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्याच हातात दिला. म्हातारीला द्यायचा सोडून मला. असं काही झालं की माणसाने तोंड कुठे लपवायचं, सांगा.

काकी रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आमचा देऊळ शोधलस, वाडी शोधलस, माणसां शोधलस. मगे त्याका शोध."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? आणि मनातून वाटलंही, हे तर माझ्या हातचा मळ आहे. मी परक्या कंपनीत शिरून साहेबाच्या ड्रायव्हरचा नंबर काढतो, एक संतोष गावडे नाही सापडणार?

सापडला की. ढिगाने सापडले. गोवंडीत, मुलुंडला, मालाडला, विरारपर्यंत. रोज ऑफिस सुटल्यावर मी एकेकाला फोन करायला लागलो. नाटक नाही, बनाव नाही, आवाज बारीक केलेला नाही. सरळ सांगायचं, "मी अमोल बोलतोय. गावाला तुमची आई वाट बघतेय. रमाबाई गावडे. तुम्ही तेच का?"

बहुतेकांनी पुरतं ऐकलंच नाही. काहींनी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, "आता ओटीपी मागणार ना?" पण मुलुंडचा एक संतोष गावडे मात्र आईचं नाव घेतल्यावर गप्प झाला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "दादा, खरंच सांगतोय. त्या रागावलेल्या नाहीत."

तो हळूच म्हणाला, "आमच्या कंपनीत ट्रेनिंग झालंय. अनोळखी माणूस फोन करून घरचं काही बोलला, रडवायला लागला, तर लगेच कट करायचं. नंबर ब्लॉक करायचा."

"कोणी दिलं हे ट्रेनिंग?"

त्याने आमच्याच कंपनीचं नाव घेतलं आणि फोन कट केला. मी परत लावला. लागला नाही. ते ट्रेनिंग मीच दिलं होतं.