टोपी काढून केलेला प्रवास

दादा दिल्लीला सरकारी कचेरीत नोकरीला होता. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तिथून तार आली : मेंदूज्वर झालाय, ताबडतोब निघा. बाबा नागपूरच्या गिरणीत कापड विणायचे. आगगाडीनं पोहोचायला फार वेळ लागेल म्हणून गिरणीतल्या त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी काढली आणि बाबांचं व माझं विमानाचं तिकीट हातात आणून दिलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरातल्या कुणी तोवर विमान जवळून पाहिलंही नव्हतं.

आईनं बाबांचं धोतर निळीत काढून दिलं. डोक्यावर त्यांची नेहमीची निळी टोपी होती. छप्पन साली नागपूरला आमच्या लोकांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून ही टोपी घातल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. आजोबांना गावात पाटलाच्या दारावरून जाताना डोक्यावरचं फडकं काढून काखेत धरावं लागे. बाबांनी ते लहानपणी पाहिलं होतं.

विमानतळावर तिकिटं तपासणारा टायवाला तरुण आधी माझ्याशी नीट बोलला. मग बाबांकडे बघून म्हणाला, "बाबा, टोपी उतारिए."

"काहून?" बाबांनी विचारलं.

"हे विमान आहे, मोर्चा नाही. बाकीच्या पॅसेंजरांना आवडत नाही."

आमच्या पुढेच गुलाबी पगडी बांधलेले एक शेठजी सामान देऊन आत गेले होते. बाबांनी तिकडे हात केला. "त्याइची पगडी चालते, मंग माही टोपी काहून नाही चालत?"

"तो त्यांचा पोशाख आहे. तुमचं हे राजकारण आहे. नियम आहे तसा. काढायची नसेल तर बाजूला उभे राहा."

मागे रांग खोळंबली. कुणीतरी "जल्दी करो भाई" म्हणालं. बाबा हलेनात. त्यांची मान ताठ होती. मी हळूच म्हटलं, "बाबा, दादा वाट पाहून राहिला."

त्यांनी टोपी काढली. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. घरातल्या माणसांखेरीज कुणी त्यांचं उघडं डोकं पाहिलेलं मला आठवत नव्हतं. विमानात त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. हवाईसुंदरीनं पुढं केलेल्या गोळ्याही घेतल्या नाहीत.

आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दादा शुद्धीवर नव्हता. बाबांनी त्याचा हात धरला, नावानं हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दादाच्या मित्रांनी परतीच्याही तिकिटांची सोय करतो म्हटलं, पण बाबा ऐकेनात. अस्थी मांडीवर घेऊन आम्ही आगगाडीनं आलो.

महिना-दीड महिन्यानं बाबा एकटेच विमान कंपनीच्या शहरातल्या कचेरीत गेले. कशाला, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. परत आले ते ओट्यावरच बसले. आईनं पाणी दिलं. पेला हातात धरून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मोठ्या सायबाले विचारलं. तसा नियमच नाही म्हणते वं पोरी. डोक्यावर काय घालाचं त्याचा नियमच नाही."

"मग त्या माणसाचं काय करणार म्हणे?" मी विचारलं.

"त्याची बदली झाली म्हणते."

आई म्हणाली, "जाऊ द्या आता. पोरगंच गेलं आपलं."

"पोरासाठीच काढली होती," बाबा म्हणाले, आणि पेला खाली ठेवून गुडघ्यांत तोंड घालून रडू लागले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, दादाच्या आठवणीनं रडताहेत.