वसुधा, लाइन!

सायकलवाल्यांनी खरं तर किलोमीटर मोजायला पाहिजेत, पण आमच्या ग्रुपमध्ये जमा होतात ते किस्से. राइड संपली, पोह्यांच्या प्लेटा हातात आल्या की कोणीतरी सुरू होतंच, "अरे यार, आज काय झालं माहितीये?" आधी हे किस्से नुसते हसण्यावारी जायचे. आताशा मधेच एखादा चमचा खाली ठेवतो आणि इकडेतिकडे बघतो.

आमचा ग्रुप म्हणजे इंदूरची पाच-सात मराठी मंडळी, सगळी चाळिशीच्या पुढची. मागणी एकच: सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर जागा सोडा. हे दीड मीटर निघालं वसुधाच्या डोक्यातून. वसुधा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी ग्रुपमध्ये आले ती तिच्यामुळे, आणि वजनामुळे.

*

दीड मीटर म्हणजे किती, हे लोकांना दिसायला पाहिजे म्हणून वसुधा मला घेऊन सियागंजात गेली. पडद्याचा रॉड आणायला!

दुकानदाराने विचारलं, "खिड़की कितनी बड़ी है, बहनजी?"

"खिड़की नहीं, साइकिल है," वसुधा म्हणाली.

तो माझ्याकडे बघायला लागला. मतलब, ह्या ठीक आहेत ना? मी मान डोलावली. खात्री मलापण नव्हती.

रॉड कॅरियरवर आडवा बांधला, उजवीकडे बाहेर काढून, टोकाला लाल फडकं. आणि काय सांगू! ज्या गाड्या कोपराला घासून जायच्या त्या अशा लांबून जायला लागल्या.

"बघ," वसुधा म्हणाली, "माणसाला नाही घाबरत. गाडीच्या पेंटला घाबरतात!"

*

मग तो नाद मलाही लागला. विजय नगरला एकदा एक कार अगदी चिकटून गेली. पुढे सिग्नलवर मी तिला गाठलं. चष्मा घामाने धुरकट, श्वास फुललेला. काचेवर टकटक केली आणि सुरू झाले, "भाईसाब, डेढ़ मीटर मालूम है? घर में बीवी-बच्चे हैं कि नहीं?"

काच खाली आली. आमचे हे!

"बीवी है," म्हणाले. "पाण्याची बाटली घरी विसरली होती. घे."

*

ग्रुपचा नियम सोपा आहे, एकामागे एक चालायचं. तो मोडायची एकटी वसुधा. तिला गप्पा मारायच्या असायच्या. डोक्यावर हिरवं हेल्मेट, आणि हळूच आपल्या बाजूला यायची, बाहेरच्या बाजूने, म्हणजे गाड्या आणि आपण यांच्या मधे. मागून सगळे ओरडायचे, "वसुधा, लाइन!"

ती आपली शांत. बाजूच्याला म्हणायची, "तू समोर बघ. मागचं मी बघते."

मागच्या हिवाळ्यात, राऊकडच्या चढावर, सकाळच्या धुक्यात एक पिकअप तिला उडवून निघून गेली. रॉड त्या दिवशी घरी राहिला होता. आणि त्या दिवशी ती लाइनीत होती.

हा किस्सा नाही. पण हा सोडून पुढचे सांगता येत नाहीत.

*

त्यानंतर ग्रुप बंदच पडणार होता. बापटभियाने धरून ठेवला. बापटभिया म्हणजे आमच्यातला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात मोठं पोट. त्याने नवीन टूम काढली: जो ड्रायव्हर नीट जागा सोडेल त्याला पुढच्या सिग्नलवर थँक्यू आणि शेवेचं पाकीट.

पहिल्याने पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "चुनाव है क्या, भिया?"

दुसरा लोडिंग रिक्षावाला. पाकीट घेतलं, खूश झाला, आणि म्हणाला, "हम तो जगह देते ही हैं. पर आपकी एक मैडम लाइन में नहीं चलतीं. समझाओ उनको."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्थातच, आता ग्रुपमध्ये बाई मी एकटीच!

"ये नहीं," तो म्हणाला. "हरे हेलमेट वाली. वो राऊ की चढ़ाई पे."

सिग्नल सुटला, तो गेला. बापटभिया पुढचं पाकीट तसंच हवेत धरून उभा. हिरवं हेल्मेट आमच्यात एकच होतं. ते राजेंद्र नगरला वसुधाच्या घरी दारामागे खुंटीवर टांगलेलं आहे.

त्या दिवशी पोह्यांवर कोणी शेव घेतली नाही.

*

बापटभियाच्या हँडलला कॅमेरा आहे. गाड्या किती जवळून जातात त्याचा व्हिडिओ घेऊन आम्ही ट्रॅफिकच्या एका साहेबांकडे गेलो. रस्त्यावर बोर्ड लावा म्हणून सांगायला.

साहेब बघत राहिले. कार घासून, बस घासून, टँकर तर असा की मी खुर्चीत बसल्या बसल्या कोपर आत घेतलं. मग राऊचा चढ आला. बापटभिया एकटाच चालवून राहिला होता, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी पार रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन, वळसा घालून पुढे जायची. एकूणएक.

साहेबांनी व्हिडिओ थांबवला. "यहाँ सब इतने दूर से क्यों जा रहे हैं? गड्ढा है क्या?"

"नहीं सर."

"फिर?"

साहेबांनी पुन्हा लावून बघितलं, आणि हसले. "जो भी है, बढ़िया है. ऐसा एक-एक सब जगह रखवा दो!"

बापटभियाने पाणी मागितलं.

*

आता हा शेवटचा. माझाच आहे.

वसुधाची लेक इरा पुण्याहून आली आणि म्हणाली, मला आईच्या रस्त्यावर सायकल चालवायची आहे, राऊच्या पुढपर्यंत. तिचा बाबा, श्रीकांत, पहिल्यांदा नाहीच म्हणाला. दोन दिवस गेले. मग मला फोन.

"अंजू, तू तिच्या बाहेरच्या बाजूने चालशील. रॉड लावून. एक मिनिटसुद्धा बाजू सोडायची नाही. ही एकच उरली आहे मला."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

सकाळी निघालो. इराचं हेल्मेट पांढरं. धुकं होतं. राजेंद्र नगर सुटेपर्यंत मी ठीक होते. चढ लागला आणि माझे गुडघे मला म्हणाले, बाई, आता तू बघ. इरा पुढे गेली. हाक मारायला श्वास उरेना. पांढरं हेल्मेट लांब होत गेलं, आणि माझ्या बाजूने एक ट्रक वर गेला. सरळ तिच्या मागे.

रॉड माझ्या सायकलला होता.

मी थांबले. डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. ट्रकने हॉर्न दिला आणि पार उजवीकडे गेला, रस्त्याच्या त्या टोकाला. बऱ्याच अंतराने परत आपल्या जागेवर आला. मग धुकंच.

वर चहाच्या टपरीवर इरा मजेत उभी होती. परतीच्या उतारावर मात्र तिची बाजू सोडली नाही, आईशप्पथ.

घरी श्रीकांत दारातच उभा. "बाजू सोडली नाहीस ना?"

मी तोंड उघडायच्या आत इरा म्हणाली, "एक मिनिट नाही, बाबा! चढावर तर मावशी इतकी चिकटून होती की मला वळून बघूही देईना. सारखं आपलं, तू समोर बघ, मागचं मी बघते."

ती हात धुवायला आत गेली. श्रीकांत माझ्याकडे बघत राहिला. मग दारामागच्या खुंटीकडे. मग परत माझ्याकडे.

"लाइनीत होती?" त्याने हळूच विचारलं.

"छे!" मी म्हटलं.