ओकारी नव्हे, गुळणी

सूनबाई आज नातीच्या पहिल्या सत्त्वासाठी नाचणी भाजत होती. तो किंचित करपट, मातीसारखा वास माजघरापर्यंत आला. कुणाला काही सांगायची मला सवय नाही. पण या वासाशी माझी एक जुनी भीती बांधलेली आहे, ती इथे लिहून ठेवते.

माझी मुलगी रांगत होती, तेव्हा आम्ही ठाण्यात खोपटला राहायचो. समोर भातशेतं, मधे चिखलाची वाट आणि आमची कौलारू चाळ. आमच्या आधीचे भाडेकरू जाताना आपला तांबूस कुत्रा मागेच ठेवून गेले होते. त्याला नाव काय होतं कोण जाणे, आम्ही नुसतं यू यू करून बोलवायचो. पोट खपाटीला गेलेलं, पाठीचा कणा वर आलेला. खायला धावायचा अधाशासारखा, आणि घास आत जातो न जातो तोच जसाच्या तसा बाहेर. पाण्याचंही तेच. तोंडातून लाळेची तार सदा लोंबत असे.

या लाळेनेच घात केला. शेजारच्या वहिनी ओटीच्या पायरीवरूनच म्हणाल्या, "अहो, कुत्रं पिसाळलंय तुमचं. पाणी गिळत नाही, दिसत नाही का? आणि तुमची पोर रांगतेय घरात." मी त्याला आदल्याच दिवशी हाताने भाकरी भरवली होती. पोटात घेण्याच्या त्या इंजेक्शनांबद्दल मी ऐकून होते. हात साबणाने इतके धुतले की बोटांना भेगा पडल्या, तरी मुलीला उचलून घ्यायचा धीर होईना. ऑफिसातून आल्यावर हे म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू. अंगावर मांस धरलं तर राहू दे, नाहीतर म्युनिसिपालिटीच्या गाडीला सांगतो." ती गाडी मी एकदा टेंभी नाक्यावर पाहिली होती. जाळीच्या आत कुत्री एकमेकांवर पडलेली होती आणि एकही भुंकत नव्हतं.

सासूबाई सोवळ्यातल्या. कुत्र्याची सावलीही चालत नसे त्यांना. पण दारातून त्या त्याच्याकडे बरेच दिवस बघत असाव्यात. एका सकाळी म्हणाल्या, "अगं, पिसाळलेलं इतके दिवस टिकतं होय? आणि ओकतो ओकतो काय म्हणतेस? ओकताना पोट ढवळतं, जीव कासावीस होतो. याचं बघ, मान खाली घातली की आपोआप येतं. ही ओकारी नव्हे, गुळणी आहे. तान्ह्या पोरासारखी."

"मग काय करू?"

"पोरीला काय करत होतीस? निजवून पाजत होतीस का? उभा धर की मेल्याला. मला शिवू नकोस मात्र."

तान्हं बाळ दूध टाकतं त्याला आमच्याकडे गुळणी म्हणतात. तो घरचाच शब्द, पण कुत्र्याच्या बाबतीत मला सुचला नव्हता. मी नाचणी भाजून तिची दाटसर खीर केली, गूळ न घालता. त्याचे पुढचे पाय ओटीच्या वरच्या पायरीवर ठेवले, भांडं त्याच्या तोंडापाशी उंच धरलं, आणि खाऊन झाल्यावरही त्याला तसाच छातीशी उभा धरून बसले. त्याच्या बरगड्या माझ्या हाताला टोचत होत्या. लाळ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती आणि मी देवाचं नाव घेत होते. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, सांगता येत नाही. खीर आत राहिली.

मग रोज तेच, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. कधी चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी पुन्हा सगळं बाहेर. तो खोकला की माझा जीव उडे. सासूबाई आतून विचारत, "जेवला का गं तुझा लेक?" आणि पुटपुटत, "रेशनच्या दिवसांत कुत्र्याला खीर!" पण नाचणी निवडून त्याच ठेवत.

गाडी गणपतीच्या आधीच आली. कुणी कळवलं, मी कधी विचारलं नाही. हातात फास घेतलेला माणूस अंगणात उभा राहून म्हणाला, "बाई, पाणी पितो का तुमचा?" परक्या पुरुषाशी मी तोवर बोलले नव्हते. मी फक्त पाण्याचं भांडं आणलं. कुत्रा नेहमीप्रमाणे पायरीवर पुढचे पाय टेकून उभा राहिला आणि प्यायला लागला. माझा हात त्याच्या गळ्याखाली होता. आता येईल, आता गुळणी येईल, म्हणून मी डोळे मिटून घेतले. आली नाही.

माणूस हसला. "पिसाळलेला कुठला? हा तर जावयासारखा पाहुणचार घेतोय." आणि फास खांद्यावर टाकून निघून गेला. मी मात्र कुत्र्याला धरून तशीच बसून राहिले.

पुढे तो बरीच वर्षं जगला. लठ्ठ कधी झाला नाही, पण बरगड्या दिसेनाशा झाल्या. लोक म्हणतात, माया केली की भीती जाते. माझी गेली नाही. ती रोज ओटीवर माझ्या शेजारी बसायची, आणि खीर त्याच्या पोटात उतरेपर्यंत मीही उठायची नाही.