ओहोळाकाठी टाकलेली बकरी

बिबट्यानं माझी गाभण बकरी मारली तेव्हा आमच्या झरीच्या पाड्यात चालतात तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्याला दिल्या. मी शिव्या देऊन मोकळी होते. माझा नवरा बोलत नाही, आतल्या आत धुमसतो आणि मग काहीतरी करून ठेवतो.

अर्धी खाल्लेली बकरी ओहोळाच्या काठी पडली होती. उरलेलं खायला बिबट्या परत येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. नवऱ्यानं सकाळीच जाऊन तिच्या फाटलेल्या पोटात भाताच्या किडीसाठी आणलेलं विष घातलं. वनखात्याला कळलं तर नसती आफत, म्हणून कुणाला सांगितलं नाही. दुपारी जेवताना मात्र त्याला राहवलं नाही. "आता येऊ दे त्याला," म्हणाला, आणि काय केलं ते सांगितलं.

माझा घास तोंडातच राहिला. आमच्या पाड्यात मेलेल्या जनावराचं आतडं कुणी वाया घालवत नाही. दोरीला बांधून ओहोळात सोडायचं, खेकडे त्याला धरून वर येतात. नवरा लहानपणापासून हेच करत आलाय आणि रागाच्या भरात नेमकं हेच विसरला. माझी धाकटी जाऊ कुडाच्या पलीकडे राहते. तिला मी सकाळी टोपली घेऊन ओहोळाकडे जाताना बघितलं होतं.

हात न धुता पळाले. तिची दोन्ही पोरं ताटं घेऊन बसलेली, ती खेकड्यांचं कालवण वाढायला वाकलेली. मी पातेलं लाथेनं उडवलं.

"ताई, डोकं फिरलं का तुमचं?"

"आतडं कुठलं बांधलंस?"

"तुमच्याच बकरीचं. पडून होतं, घेतलं."

मागून नवरा धापा टाकत आला. त्यानं काही लपवलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. "त्यात मी विष घातलंय," म्हणाला. जावेनं पोरांना ओढून घेतलं, बोटं हुंगली, तोंडं उघडून बघितली. कुणी काही चाखलं नव्हतं. मी तिथंच मातीत बसले आणि रडले.

दोघा भावांनी त्याच दिवशी बकरी खोल पुरली. ओहोळातलं काही खाऊ नका, म्हणून घरोघर सांगत फिरले. मग बांबू तोडून बकऱ्यांसाठी गोठा केला, चारी बाजूंनी बंद, वर भक्कम छप्पर. पावसाळा सरल्यावर एका सकाळी दारावर नखांचे ओरखडे दिसले. बकऱ्या आत रवंथ करत बसल्या होत्या. मी परत शिव्या दिल्या, पण हसत.

जावेचं मन मात्र वळेना. बोलायची, कामाला हात लावायची. पोरांना आमच्या घरचा भाताचा कणही घेऊ देईना. रोज आमच्या चुलीशी बसणारी पोरं ती. नवऱ्याला जेवण जाईना. मला तिचा राग यायचा. पण तिच्या जागी मी असते तर नवऱ्याला त्याच ओहोळात बुडवला असता, हेही मला कळायचं.

मध्ये टेकडीपलीकडचा एक शेतकरी आला. बिबट्यानं त्याचं वासरू मारलं होतं, आणि कोणतं विष घालायचं ते त्याला माझ्या नवऱ्याकडून हवं होतं. नवऱ्यानं त्याला अंगणात उभं करून सगळं सांगितलं. जाऊ पलीकडे भात पाखडत होती, तरी आवाज खाली केला नाही.

"माझ्या भावाची पोरं गेली असती," म्हणाला. "वनखात्याला कळव, ते येऊन बघतात, भरपाई देतात. मग वासरू पुरून टाक. उद्या मी येतो, गोठा बांधू."

एका दमात एवढं बोललेला मी त्याला लग्नापासून ऐकला नव्हता.

संध्याकाळी जाऊ पोरांना घेऊन दारात आली. "भाऊजी, भात झालाय का? पोरं भुकेली आहेत."

नवरा लगबगीनं उठला. मला बाजूला सारून त्यानं स्वतः दोन ताटं वाढली. मग पोरांपुढे ठेवायच्या आधी एका ताटातला घास उचलून तोंडात घातला, आणि दुसऱ्या ताटाकडे हात नेला.

जावेनं त्याच्या हातातून ते ताट घेतलं. "राहू द्या, भाऊजी," म्हणाली. "उष्टं कशाला करता?" आणि ताट पोरापुढे ठेवलं.